लाइपझिगची खोली आणि महाडचे तळे

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची हकिकत सांगणारे बहुतेक जण पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या १९२३ च्या बोले ठरावापासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पण या हकिकतीला आणखी एक उगम आहे. तो सह्याद्रीपासून फार दूर, जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाच्या एका साध्या खोलीत सापडतो. माणसाच्या मनावर प्रयोग करता येतात, हे त्या खोलीने जगाला दाखवून दिले. तिथून गुरुशिष्यांची साखळी धरून निघालो की न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका वर्गात येऊन पोहोचतो, आणि त्या वर्गात भीमराव रामजी आंबेडकर बसलेले दिसतात. तानाजींचे उमरठ आणि रायगड यांचा इतिहास आमच्या पोलादपूर-महाडकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. या दुसऱ्या वाटेची ओळख मात्र त्यांना कोणी करून देत नाही. ती करून द्यावी म्हणून हा लेख.

लाइपझिगच्याही आधी एका वेधशाळेत डोकवायला हवे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते आणि डेव्हिड किनब्रुक हा त्यांचा सहायक. दुर्बिणीत एक बारीक तार बसवलेली असे. तारा त्या तारेवरून नेमका केव्हा सरकला, हे घड्याळाचे ठोके कानाने मोजत डोळ्याने टिपायचे, असे ते काम. १७९५ साली मॅस्केलिन यांच्या लक्षात आले की किनब्रुकची नोंद आपल्यापेक्षा अर्धा सेकंद मागे पडते. समज देऊनही फरक कमी झाला नाही, उलट ०.८ सेकंदापर्यंत वाढला. १७९६ च्या आरंभी किनब्रुकची नोकरी गेली.

पुढे वीसेक वर्षांनी ही नोंद कोनिग्सबर्गच्या फ्रिडरिश बेसेल या खगोलशास्त्रज्ञाच्या वाचनात आली. बेसेल यांनी किनब्रुकला दोष दिला नाही. त्यांनी स्वतःची नोंद दुसऱ्या कसलेल्या निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तर एका निरीक्षकाशी त्यांचा फरक एका सेकंदाहूनही जास्त निघाला. दोघेही तरबेज, दोघेही प्रामाणिक, आणि तरी एकच तारा दोघांना वेगवेगळ्या क्षणी 'दिसत' होता. चूक कोणा एकाची नव्हती. पाहणे ही क्रियाच वेळ खाते, आणि प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा वेळ खाते. (आपल्या अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सहायक होते. ठरल्या वेळी डोळ्यांत तेल घालून नोंदी घेण्याची ही नोकरी आपल्या माणसांनाही ठाऊक होती.) किनब्रुकला काढून टाकणारा अधिकारी आणि स्वतःलाच तपासणीला उभा करणारा बेसेल या दोघांतला फरक लक्षात ठेवावा. तो या लेखात पुन्हापुन्हा भेटेल.

पाहायला वेळ लागतो, तर तो मोजताही आला पाहिजे. पण हे म्हणायचे धाडस सहज झाले नाही. मनाच्या व्यापारांना गणित लावता येत नाही, म्हणून मानसशास्त्र खरे विज्ञान होऊ शकत नाही, असे कांट १७८६ मध्ये लिहून गेले होते. जोहान्स म्युलर यांच्यासारख्या मातब्बर शरीरशास्त्रज्ञाला मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजण्यापलीकडचा वाटत होता. त्यांचेच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला, आणि तो निघाला सेकंदाला सुमारे ३० मीटर. हवेतून जाणारा आवाज याच्या दहापटीहून अधिक वेगाने धावतो. म्हणजे पायाला काटा रुतणे आणि तो रुतल्याचे कळणे यांच्यात खरोखरच अंतर असते. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरच्या सकाळी गुस्ताव फेश्नर यांना अंथरुणात पडल्यापडल्या सुचले की बाहेरचे वजन किंवा उजेड किती वाढवला की आत जाणवणारा फरक किती वाढतो, याचा हिशेब मांडता येईल. १८६० मध्ये त्यांचा त्यावरचा ग्रंथ आला. नेदरलँड्सच्या डोंडर्स यांनी १८६८ मध्ये साध्या प्रतिक्रियेचा वेळ आणि निवड करावी लागणाऱ्या प्रतिक्रियेचा वेळ यांची वजाबाकी केली. जे उरले तो निवड करायला मनाला लागलेला वेळ, असे त्यांचे म्हणणे.

हे सगळे धागे एका ठिकाणी बांधले विल्हेल्म वुंट यांनी. ते हेल्महोल्ट्झ यांचे एकेकाळचे सहायक. १८७५ मध्ये ते लाइपझिगला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. सोबत आणलेली उपकरणे ठेवायला विद्यापीठाने त्यांना एक खोली दिली. १८७९ मध्ये त्याच खोलीत विद्यार्थ्यांचे प्रयोग सुरू झाले आणि प्रायोगिक मानसशास्त्राचा जन्म याच वर्षी झाला असे जगभर मानतात. विद्यापीठाच्या दफ्तरी तिची रीतसर नोंद व्हायला आणखी काही वर्षे गेली.

त्या खोलीत काय चाले? एक जण टेबलाशी बसे, बोट तारयंत्राच्या बटणावर दाबलेले. आवाज झाला किंवा प्रकाश दिसला की बोट उचलायचे. शेजारी हिपचे क्रोनोस्कोप नावाचे घड्याळ असे, सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारे. साधा आवाज ऐकून बोट उचलायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागे. दोन रंगांपैकी कोणता दिसला हे ओळखून उचलायचे म्हटले की वेळ वाढे. तेच ते पुनःपुन्हा, शेकडो वेळा. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटला असेल. पण जी गोष्ट हजारो वर्षे फक्त चिंतनाने आणि शब्दांनी सांगितली जात होती, ती कोणीही पुन्हा करून पाहावी आणि खोटी असल्यास खोटी ठरवावी अशी या कंटाळवाण्या कामामुळेच झाली.

त्या खोलीची एक रीत मला फार मोलाची वाटते. प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो, हे आपापल्या जागा बदलत. आज जो घड्याळ सांभाळी तोच उद्या बटणाशी बसे. खुद्द वुंटही विद्यार्थ्याच्या प्रयोगात बटणाशी बसत. मोजणारा वरचा आणि मोजला जाणारा खालचा, असे तिथे नव्हते.

ही रीत टिकली नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात मापनाचे दालन उघडले. तीन पेन्स देऊन ९,३३७ माणसांनी तिथे आपली उंची, पकड, नजर, श्रवण मोजून घेतले. गाल्टन यांना यातून हवे होते श्रेष्ठ आणि कनिष्ठ वंशवेलींचे गणित. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले या सरकारी अधिकाऱ्याने माणसांची नाके मोजली आणि १८९१ मध्ये जाहीर केले की जात जितकी खालची तितके नाक रुंद. ज्यांची नाके मोजली त्यांच्या हाती मोजपट्टी कधीच आली नाही. बेसेलची वाट सोडून शास्त्र पुन्हा मॅस्केलिनच्या वाटेला लागले होते.

आता साखळीकडे येऊ. ग्रॅनव्हिल स्टॅनली हॉल हे अमेरिकन अभ्यासक १८७९ च्या सुमारास लाइपझिगला वुंट यांच्याकडे होते. परतल्यावर त्यांनी १८८३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. तिथे त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत जॉन ड्यूई नावाचा तरुण होता. ड्यूई यांना १८८४ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी या नव्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. मन हे शरीरापासून आणि समाजापासून तोडून अभ्यासता येणार नाही, हा त्यांचा आग्रह तेव्हापासूनचा आहे.

१८९६ मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध मानसशास्त्राच्या इतिहासात आजही वाचला जातो. त्यात एका मुलाचे आणि मेणबत्तीचे उदाहरण आहे. मूल ज्योतीकडे हात नेते, पोळते, हात मागे घेते. तेव्हाचे शास्त्र याचे तुकडे पाडी: आधी उद्दीपन, मग प्रतिक्रिया. ड्यूई म्हणाले, हे तुकडे खरे नाहीत. पोळलेल्या मुलाला ज्योत पुढच्या वेळी वेगळीच दिसते. कृती केल्यावर पाहणेच बदलते. म्हणजे माणूस आधी समजून घेतो आणि मग वागतो एवढेच खरे नाही, वागून पाहिल्याने त्याची समज नव्याने घडते. त्याच वर्षी त्यांनी शिकागोत मुलांसाठी प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. १९०४ मध्ये ते कोलंबियाला आले.

कोलंबियात तेव्हा मानसशास्त्राची मोठी माणसे जमली होती. जेम्स कॅटेल हे लाइपझिगमध्ये वुंट यांचे सहायक राहिलेले. त्यांचा विश्वास होता की प्रतिक्रियेचा वेग, वजनातला फरक ओळखणे अशा चाचण्यांतून बुद्धी मोजता येईल. १९०१ मध्ये त्यांच्याच विभागातल्या क्लार्क विस्लर यांनी विद्यार्थ्यांचे आकडे तपासले, तर या चाचण्यांचा परीक्षेतल्या गुणांशी संबंध जवळजवळ शून्य निघाला. आपल्याच विभागप्रमुखाचा आवडता सिद्धान्त पाडणारा हा निकाल छापला गेला. रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात जमलेल्या नाना वंशांच्या माणसांच्या चाचण्या घेतल्या आणि १९१० मध्ये मांडले की सरासरीत फरक दिसला तरी दोन गटांतली माणसे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की गटावरून माणूस ओळखणे व्यर्थ आहे. एकाच गटातल्या दोन माणसांतला फरक दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाहून कितीतरी मोठा असतो. गाल्टन-रिस्ले यांना यापेक्षा नेमके उत्तर कोणी दिले नसेल, आणि ते मोजूनच दिले होते.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. त्यांचे मुख्य विषय अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. मानसशास्त्राची वाट त्यांच्यापर्यंत आली ती ड्यूई यांच्या वर्गातून. तिथे नीतिशास्त्राची मांडणीच मानसशास्त्राच्या पायावर होत असे. माणूस विचाराने कमी आणि सवयीने जास्त चालतो, सवयी समाज घडवतो, आणि बुद्धीचे काम म्हणजे साचलेल्या सवयींना प्रत्यक्ष कृतीच्या कसोटीला लावणे, हा ड्यूई यांच्या शिकवणीचा गाभा. १९२२ मध्ये त्यांनी यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आंबेडकरांच्या संग्रहातल्या ड्यूई यांच्या ग्रंथांवर त्यांच्या पेन्सिलच्या खुणा आजही दिसतात. पुढे १९३६ मध्ये छापलेल्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात त्यांनी ड्यूई यांचा उल्लेख आपले गुरू म्हणून केला आणि जात ही दगडविटांची भिंत नसून मनाची एक अवस्था आहे असे प्रतिपादन केले.

या नजरेने महाडकडे पाहू. मुंबई कायदेमंडळाने १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारच्या देखरेखीखालचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले होते. तळ्यावर मात्र काहीच बदलले नव्हते. मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरे पीत, आणि महार-चांभार मात्र काठाशीही जात नसत. ठराव सवयीला हात लावू शकला नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी खूप धडपड केली होती. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे सवर्ण सहकारी सोबत होते. आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे पायी आली, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. २० तारखेला आभार मानताना चित्र्यांनी सुचवले की आता सगळ्यांनी तळ्यावरच जावे. मिरवणूक निघाली. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, प्यायले, आणि मागून हजारो ओंजळी भरल्या.

बाबासाहेबांनी त्या दिवशी मानसशास्त्राचा प्रयोग केला, असे म्हणणे त्यांच्या लढ्याला लहान करणे होईल. तो हक्काचा लढा होता. पण पोळलेल्या मुलाची ज्योत बदलते हे जो शिकला होता, त्याला हेही ठाऊक होते की पाणी प्यायलेल्या माणसाला तळे पुन्हा पूर्वीसारखे दिसणार नाही. समतेवरची शंभर व्याख्याने जे करू शकली नसती ते त्या एका ओंजळीने केले, आणि ते पिणाऱ्यांच्या मनात केले. कोणी आपल्याला मोजून आपली जागा सांगावी, याची वाट त्यांनी पाहिली नाही. समाजालाच त्यांनी तपासणीला उभे केले.

समाजाची प्रतिक्रियाही लगेच आली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा गावात पसरली. जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही. नंतर १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आडवा आला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबवले गेले.

खटला दहा वर्षे चालला. सनातनी पक्षाचे म्हणणे होते की अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची चाल फार प्राचीन आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: चाल अनादी काळापासूनची असल्याचा पुरावा नाही. 'आमच्याकडे पूर्वापार असेच आहे' या वाक्याला इथे पुरावा मागितला गेला आणि तो निघाला नाही. मला या निकालात लाइपझिगच्या खोलीतली शिस्त दिसते.

दरम्यान मनावर प्रयोग करण्याची ही विद्या भारतात इतर वाटांनीही येत होती. वुंट यांचे शिष्य म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे हार्वर्डला शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी १९१६ मध्ये कोलकात्याला देशातली पहिली प्रयोगशाळा चालवायला घेतली. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांना पारा भरलेले दाबमापक आणि क्ष-किरण लावले. तिथे येऊन शिकलेल्या येल विद्यापीठाच्या के. टी. बेहानन यांनी १९३७ च्या पुस्तकात नोंदवले की प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बेरजेच्या आणि रंग ओळखण्याच्या चाचण्यांत आपला वेग मंदावला. योगावर श्रद्धा असलेल्या माणसाने असे लिहिणे मला विशेष वाटते. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिचाचण्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतल्या. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या विभागाच्या नावातच 'प्रायोगिक' हा शब्द होता.

कोलंबियाच्या परंपरेतूनच केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय दांपत्य पुढे आले. रंगापुरता फरक असलेल्या बाहुल्या मुलांसमोर ठेवून 'यातली चांगली कोणती' असे ते विचारत. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. त्याआधी १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमावरच्या ग्रंथात मोजलेल्या नाकांचेच आकडे हाती घेतले. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी छापलेली मापे वापरून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. रिस्ले यांनी ज्यांना मोजले होते त्यांच्यातल्या एकाने मोजपट्टी हातात घेतली होती.

ड्यूई १ जून १९५२ ला वारले, आणि त्याच आठवड्यात कोलंबियाची सन्माननीय पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. गुरूंची भेट हुकली. आपले सारे बौद्धिक आयुष्य त्यांचे ऋणी आहे, असे त्यांनी पत्नीला पत्रातून कळवले.

उमरठपासून महाडपर्यंतच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. लाइपझिगचा प्रयोग तुमच्या वर्गात तीस सेंटिमीटरच्या एका पट्टीवर होतो. एका मुलाने पट्टी वरून उभी धरावी, दुसऱ्याने खालच्या शून्याशी अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. १० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.१४ सेकंद, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. प्रत्येकाची दहा वेळा नोंद घ्या, आणि मग जागा बदला: ज्याने सोडली त्याने पकडायची. आकडे फळ्यावर मांडा, नावे न लिहिता. मग मुलांना विचारा, यातला कोणता आकडा कोणत्या वाडीचा, मुलाचा की मुलीचा, कोणत्या आडनावाचा, हे नुसत्या आकड्यावरून कोणी सांगू शकते का. उत्तर त्यांना फळ्यावरच शोधू द्या.